‘करील’ आणि ‘करता येईल’ : विद्यापीठ कायद्याचं एक वाचन



आत येताना दारात एका गृहस्थांनी मला थांबवलं. म्हणाले, "सर, समीक्षा कादंबरीची ऐकली, नाटकाची ऐकली. कायद्याची कसली समीक्षा करता?" प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कायदा हा शेवटी कुणीतरी लिहिलेला मजकूर असतो. त्याला कर्ता असतो, कर्म असतं, क्रियापद असतं. काय सांगायचं आणि काय न सांगता सोडायचं, हे तिथेही ठरवलेलं असतं. फरक एवढाच की कादंबरी फसली तर आपण ती मिटून फडताळात ठेवतो. कायदा फसला तर तो मिटता येत नाही. कुणाचा तरी निकाल अडकतो, कुणाची तरी जागा रिकामी राहते. त्यामुळे कायद्याचं वाचन कादंबरीपेक्षा जास्त बारकाईने व्हायला हवं, आणि आपल्याकडे ते वकिलांवर सोडून दिलेलं आहे. मी वकील नाही. मी मराठी शिकवणारा माणूस. माझी आयुष्यभराची सवय क्रियापदाकडे बघायची, आणि आज तेवढंच करणार आहे.

कायद्याच्या मराठीत दोन क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात. एक ‘करील’ आणि दुसरं ‘करता येईल’. पहिल्यात बंधन आहे. ‘विद्यापीठ निकाल जाहीर करील’ म्हणजे करावाच लागेल. दुसऱ्यात मुभा आहे. ‘शासनास परवानगी देता येईल’ म्हणजे दिली तर दिली, नाही तर नाही. आपल्या विद्यापीठ कायद्यांत कुणाच्या वाट्याला ‘करील’ आलंय आणि कुणाच्या वाट्याला ‘करता येईल’, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ज्याच्या वाट्याला ‘करील’ आलं त्याने ते केलंच नाही, तर पुढे काय होतं?

आधी थोडं मागे जाऊ. सरकारी विद्यापीठ ही कायद्यातून जन्मलेली व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन असू शकते, तिच्यावर दावा लावता येतो, तीही दावा लावू शकते. पण तिला हात किती लांबवता येतील, हे जन्मदाखल्यातच लिहिलेलं असतं. मुंबई विद्यापीठाचा जन्मदाखला म्हणजे १८५७ चा कायदा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं त्या एकाच वर्षी निघाली. ही शिकवणारी विद्यापीठं नव्हती. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढंच काम. शिकवणं महाविद्यालयांकडे.

त्या कायद्यात एक मजेशीर गोष्ट आहे. पहिल्या फेलोंची नावं कायद्यातच लिहिलेली आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड त्या पहिल्या फेलोंपैकी एक. म्हणजे कायदा सांगतोय की ही अमुक अमुक माणसं मिळून विद्यापीठ आहे. गव्हर्नर हे कुलपती. सगळी नेमणूक सरकारचीच, पण निदान कुणाकडे बोट दाखवायचं ते स्पष्ट होतं.

मग आला १९०४ चा कर्झनचा कायदा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला मध्यवर्ती कायदेमंडळात कडाडून विरोध केला. का? आकडे बघा. मुंबईसारख्या विद्यापीठात साधारण फेलो जास्तीत जास्त शंभर. त्यातले दहा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडायचे, दहा विद्याशाखांनी, आणि उरलेले कुलपतींनी नेमायचे. निवडणुकीचं तत्त्व मान्य करायचं, पण बहुमत स्वतःच्या खिशात ठेवायचं, ही त्यातली युक्ती.

हा ‘दहा’चा आकडा लक्षात ठेवा. आपल्या सध्याच्या कायद्यातही, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये, अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी किती? दहा. इंग्रज गेले, राज्य आलं, मुंबईच्या एका विद्यापीठाची डझनभर झाली, पदवीधर हजारांवरून लाखांवर गेले. दहा मात्र दहाच राहिले.

पण इथे एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. आज त्या दहांतल्या पाच जागा राखीव आहेत : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला. हे आपोआप झालेलं नाही. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाच्या सुधारणा विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मागासलेल्या वर्गांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न तिथे मांडला होता. मुद्दा साधा आहे. ज्या समाजाची माणसं पदवीधरांच्या यादीतच नाहीत, त्या समाजाला पदवीधरांच्या निवडणुकीतून काय मिळणार? म्हणजे नुसती ‘निवडणूक’ म्हटलं की लोकशाही आली, असं नसतं. मतदारयादी कुणाची, हे आधी विचारायचं. तेव्हा विद्यापीठाचा कायदा सुधारू शकतो, सुधारलेला आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक विभागाने आपापलं विद्यापीठ मागितलं आणि विधिमंडळाने दिलं. पुण्याचा कायदा १९४८ चा, विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं. मराठवाडा १९५८, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२. पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोलीचं गोंडवाना. आधी प्रत्येक विद्यापीठाचा कायदा वेगळा होता. १९७४ मध्येही वेगवेगळेच कायदे नव्याने केले गेले. १९९४ मध्ये सगळ्यांना मिळून एकच कायदा आला. ताकवले, काकोडकर, निगवेकर यांच्या समित्या झाल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. १ मार्च २०१७ पासून तो लागू आहे.

या सगळ्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की त्याच्याशिवाय आजचा विषय पुरा होत नाही. २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. आणि नाव प्रत्यक्षात लागलं कधी? १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतराचा नामविस्तार होऊन. साडेपंधरा वर्षं. मधल्या काळात मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाले, लोक तुरुंगात गेले. ठरावाला कायद्याचं बळ नसतं. तो अमलात आला नाही म्हणून मंत्रालयात कुणाचं काही बिघडलं नाही. न केल्याची किंमत भरली ती ज्यांनी मागणी केली होती त्यांनी.

माझं आजचं म्हणणं हेच आहे, आता ते सरळ सांगतो. आपले विद्यापीठ कायदे ‘कुणी काय करायचं’ याबद्दल भरपूर बोलतात. ‘केलं नाही तर काय’ याबद्दल ते जवळजवळ गप्प आहेत. आणि जिथे बोलतात, तिथे वरच्याने न केल्याचा भुर्दंड खालच्यावर टाकतात.

उदाहरणं घेऊ, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

सध्याच्या कायद्याचं कलम ५ उघडा. विद्यापीठाचे अधिकार आणि कर्तव्यं यांची लांबलचक यादी आहे. वाचताना छाती भरून येते. मग तीन पानं उलटून कलम ८ वर या. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाने काय करायचं नाही, त्याची यादी. शिक्षकांची वा कर्मचाऱ्यांची नवीन पदं निर्माण करायची नाहीत, वेतन-भत्ते बदलायचे नाहीत, महाविद्यालयांबाबत शासनावर आर्थिक भार वाढेल असा निर्णय घ्यायचा नाही. आता, पैसा तिजोरीचा आहे, तेव्हा तिजोरीवाला विचारणारच. माझी त्याला हरकत नाही. पण प्रस्ताव गेल्यावर उत्तर किती दिवसांत यायला हवं? आणि उत्तर आलंच नाही तर? तिथे कलम मौन धरतं.

याचा अर्थ काय होतो ते मी जवळून बघितलंय. मी तालुक्याच्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवत होतो. नाव सांगत नाही, कारण गोष्ट कुठल्याही महाविद्यालयाची असू शकते. आमचे एक सहकारी निवृत्त झाले. जागा भरण्यासाठी प्रस्ताव गेला. त्रुटी निघाली, ती पुरी केली. पुन्हा प्रस्ताव, पुन्हा त्रुटी. सहा वर्षं ती जागा भरली गेली नाही. त्या सहा वर्षांत तासिका तत्त्वावर चार जण येऊन गेले. त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, "सर, सुट्टीत तासिका नसतात, मग सुट्टीत मी प्राध्यापक असतो की नाही?" मला उत्तर देता आलं नाही. सांगायची गोष्ट अशी, की त्या सहा वर्षांत कायदा कुणीही मोडला नव्हता. प्रत्येक टेबलावरचा माणूस नियमातच होता.

दुसरं उदाहरण, नव्या महाविद्यालयाच्या परवानगीचं. विद्यापीठाने बृहत् आराखडा करायचा, त्यानुसार अर्ज मागवायचे, छाननी करून शिफारस करायची. त्या प्रत्येक पायरीला तारीख. १९९४ च्या कायद्यात दोन गमती होत्या. एक, विद्यापीठाने ज्याची शिफारस केलेली नाही अशा अर्जालाही अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणं नोंदवून, शासनाला मान्यता देता येत असे. बघा, ‘देता येईल’! आणि आपल्याकडे अपवादाला रांग लागायला वेळ लागत नाही. दुसरी गंमत म्हणजे शासनाची परवानगी ठरल्या तारखेनंतर आली, तर ती पुढच्या शैक्षणिक वर्षापासून लागू. म्हणजे उशीर झाला मंत्रालयात, आणि वर्ष गेलं महाविद्यालयाचं. तारीख पाळली नाही तर काय, याचं उत्तर इथे कायद्याने दिलंय, पण चुकीच्या माणसाला शिक्षा देऊन दिलंय.

तिसरं उदाहरण, निकालाचं. कायदा म्हणतो, परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत तो लावावा. नाही लागला तर? कुलगुरूंनी कारणांचा अहवाल कुलपतींना आणि शासनाला द्यायचा. बस्स. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने अमलात आला आणि निकालांचं काय झालं ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. मुलांचे पुढचे प्रवेश हुकले. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

कुणी म्हणेल, मग झाली की कारवाई! झाली. पण नीट बघा. जबाबदारी निश्चित झाली ती एका माणसाची. ज्या मुलीचं वर्ष गेलं तिला पंचेचाळीस दिवसांचं कलम काय देतं? काहीही नाही. त्या कलमात तिचं नावच नाही. तिथे कुलगुरू आहेत, कुलपती आहेत, शासन आहे. जिच्यासाठी ते लिहिलं, ती नाही.

चौथं उदाहरण, निवडणुकांचं. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. पदवीधरांच्या त्या दहा जागांची निवडणूक सप्टेंबर २०२३ साठी जाहीर झाली, आणि त्याआधीच ऑगस्टमध्ये तिला स्थगिती मिळाली. पुन्हा कार्यक्रम लागला तो सप्टेंबर २०२४ चा, आणि मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना ती पुन्हा पुढे ढकलली. लोक उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली आणि २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं. कोण जिंकलं, कोण हरलं, यात मला इथे रस नाही. दोन वर्षं विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाला पदवीधरांच्या वतीने प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, हा माझा मुद्दा आहे. विद्यार्थी परिषदेचंही तेच. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या म्हणून टाळ्या वाजल्या. २०१९ मध्ये त्या जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. कायद्यात ‘निवडणूक होईल’ असं लिहिणं आणि निवडणूक होणं, यांच्यामध्ये एक पूल लागतो. तो आपल्या कायद्यात बांधलेलाच नाही.

आता या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२१ मधला वाद आठवा. तेव्हाच्या सरकारने सुधारणा विधेयक आणलं. मंत्री हे प्र-कुलपती होणार, निवड समितीने पाच नावं शासनाला द्यायची, शासनाने त्यातली दोन राज्यपालांकडे पाठवायची, राज्यपालांनी तीस दिवसांत एक निवडायचं. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. पुढे सरकार बदललं आणि ते मागे घेतलं गेलं. वर्तमानपत्रांत रोज एकच चर्चा होती : कुलगुरू राज्यपालांनी नेमावा की मंत्र्यांनी? दरम्यान, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात आणि केरळच्या प्रकरणांत सांगितलं की कुलगुरूंच्या नेमणुकीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम राज्याच्या कायद्याला भारी पडतात. म्हणजे आपण इथे दोघांत भांडत होतो आणि तिसरा दिल्लीत बसला होता.

पण त्या विधेयकातलं एक वाक्य मला फार आवडलं, राजकारण बाजूला ठेवून सांगतो. ते ‘तीस दिवसांत’. सरकारला राज्यपालांसाठी मुदत सुचली! तर मग स्वतःसाठी का सुचू नये? पदाच्या प्रस्तावावर शासन इतक्या दिवसांत उत्तर देईल, हे वाक्य लिहायला कुणी अडवलं होतं?

काहींचं म्हणणं असतं की अशी कलमं लिहिता येत नाहीत, सरकारला कोण शिक्षा करणार? माझं उत्तर असं, की हेच विधिमंडळ ती लिहितं. इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक हाऊसिंग सोसायटीत राहतात. ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा अवघड शब्द तुम्हाला पाठ आहे. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर ती करून दिली असं मानायचं, सक्षम अधिकारी तसा आदेश देतो. न केल्याचं कलम ते हेच! आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा घ्या. दाखला मुदतीत दिला नाही तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. २०१५ मध्ये खालच्या अधिकाऱ्याला मुदत आणि दंड लावणारं सभागृह २०१६ मध्ये विद्यापीठाचा कायदा लिहितं, तेव्हा मंत्रालयाला ना मुदत, ना दंड. लेखणी तीच होती. हात कुणापुढे थांबला, एवढंच बघायचं.

मग काय हवं? मी कायद्याचा मसुदा लिहायला बसलेलो नाही, पण तीन वाक्यं सुचवतो.

पहिलं : मंजूर पद रिकामं झालं आणि ते भरण्याच्या प्रस्तावावर ठरावीक दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मान्यता मिळाली असं मानलं जाईल. तिजोरीची अडचण असेल तर शासनाने नकार द्यावा. पण तो लेखी आणि सकारण असावा, आणि अशा नकारांची यादी दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावी. नाही म्हणायला हरकत नाही. गप्प बसायला आहे.

दुसरं : अधिसभेची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली नाही, तर नवी अधिसभा येईपर्यंत विद्यापीठाने कोणताही नवा मोठा आर्थिक निर्णय घेऊ नये. निवडणूक न घेणं गैरसोयीचं झालं, की निवडणुका वेळेवर होतील.

तिसरं : निकाल पंचेचाळीस दिवसांत लागला नाही, तर त्या विद्यार्थ्याचा पुढचा प्रवेश त्या कारणाने नाकारता येणार नाही, निदान राज्याच्या आपल्या विद्यापीठांत तरी. म्हणजे त्या कलमात शेवटी तिचं नाव येईल, जिच्यासाठी ते लिहिलं.

ही वाक्यं रामबाण आहेत असं मी म्हणत नाही. पहिल्या वाक्यामुळे शासन घाबरून सगळ्यालाच ‘नाही’ म्हणू लागेल, ही शक्यता आहे. दुसऱ्यामुळे एखाद्या गटाला निवडणूक अडवून विद्यापीठ वेठीला धरता येईल, हीही आहे. त्यावर वाद व्हावा. पण तो वाद ‘राज्यपाल की मंत्री’ या वादापेक्षा उपयोगाचा असेल, कारण तो खुर्चीवर कोण बसतो यापेक्षा खुर्चीवरून काय होतं याबद्दलचा असेल.

दारातल्या त्या गृहस्थांना मी आता उत्तर देऊ शकतो. कादंबरी वाचताना आपण विचारतो की लेखकाने कोणत्या पात्राला बोलू दिलं आणि कोणाला नाही. विद्यापीठाच्या कायद्याला हाच प्रश्न विचारायचा. पुढच्या वेळी सुधारणा विधेयक येईल, आणि ते येणारच, तेव्हा वर्तमानपत्राचा मथळा सोडून मूळ मजकूर काढा. एक पेन्सिल घ्या. प्रत्येक ‘करील’खाली रेघ मारा आणि समासात लिहा : ‘नाही केलं तर?’ जिथे उत्तर सापडणार नाही, ते पान घेऊन आपल्या आमदाराकडे जा.

 आता प्रश्न विचारा. उत्तर मुदतीत द्यायचा प्रयत्न करीन.